मामांच्या कारखान्यातली अडीच वर्षं रेझ्युमेत कशी लिहायची?

प्रश्न थोडक्यात असा: "माझं बी.कॉम. २०२२ ला झालं. तेव्हापासून सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत मामांच्या टॉवेलच्या कारखान्यात हिशोब बघतो. २४ माग आहेत. बिलं टॅलीत मीच करतो, सुताचा हिशोब ठेवतो, शनिवारी कामगारांचा पगार काढतो. पण नेमणूकपत्र नाही, पगाराची स्लिप नाही, पी.एफ. नाही, म्हणून रेझ्युमेत फ्रेशर लिहिलंय. पुणे-सोलापूर मिळून ४५ ठिकाणी पाठवला. दोनच फोन आले, दोन्ही विमा विकायच्या कामाचे. चुकतंय कुठे?"

सोबतचा रेझ्युमे दोनदा वाचला. सोलापुरातल्या कारखान्यांसाठी भरतीचं काम करत मला २२ वर्षं झाली, त्यामुळे हा नमुना माझ्या चांगला ओळखीचा आहे. वर मोठ्या अक्षरात 'करिक्युलम व्हिटे'. खाली चार ओळींचं 'करिअर ऑब्जेक्टिव्ह'. मग दहावीपासूनचा टक्क्यांचा तक्ता, एमएस-सीआयटी, टॅली, छंद, वडिलांचं नाव, धर्म, वैवाहिक स्थिती आणि शेवटी 'वरील माहिती खरी आहे' असं प्रतिज्ञापत्र. दोन पानं भरली, पण मामांच्या कारखान्याचा त्यात एक शब्दही नाही. अडीच वर्षं रोज जे केलंत ते सोडून बाकी सगळं लिहिलंय.

म्हणून आधी 'फ्रेशर' हा शब्द काढा. तुम्ही फ्रेशर नाही. नेमणूकपत्र नसलं म्हणून काम झालं नाही असं होत नाही. आपल्याकडे पूर्व भागात, एमआयडीसीत, मार्केट यार्डात शेकडो मुलं-मुली घरच्या किंवा नात्यातल्या धंद्यात पाच-पाच वर्षं काढतात आणि नोकरीचा अर्ज करताना ती वर्षं लपवतात. कारण विचारलं की 'ते घरचंच होतं सर' म्हणतात. घरचं असलं तरी बिल चुकलं तर पार्टी पैसे अडवतेच, पगार चुकला तर कामगार दारात उभा राहतोच. जबाबदारी खरी होती ना, मग ती कागदावर यायला हवी.

आता ती कशी लिहायची ते बघू. रेझ्युमे इंग्रजीतच जाणार, पण आधी तो वहीत मराठीत लिहा. इंग्रजीत सुरुवात केली की हात आपोआप इकडून तिकडून उचललेली वाक्यं लिहायला लागतो. मराठीत लिहिताना माणूस खरं काय केलं ते लिहितो.

मथळा असा करा: 'हिशोबनीस व स्टॉक, टॉवेल उत्पादन (कौटुंबिक व्यवसाय), सोलापूर, जून २०२२ पासून.' 'कौटुंबिक व्यवसाय' हे शब्द मुद्दाम ठेवा. आडनाव किंवा पत्ता जुळला की मुलाखतीत विचारलं जाणारच. तुम्ही आधीच लिहून ठेवलंत तर तो प्रश्नच उरत नाही.

त्याखाली कामं. तुम्ही लिहिलंय 'सुताचा हिशोब ठेवतो'. मी या धंद्याच्या आसपास वावरलोय, म्हणून या तीन शब्दांत काय दडलंय ते मला कळतं. पुण्यातल्या कंपनीत रेझ्युमे चाळत बसलेल्या मुलीला ते कळणार नाही. तिला नीट सांगा. सूत किलोवर येतं, टॉवेलही वजनावर मोजला जातो, मधे वेस्ट जातं. १०० किलो सूत मागावर दिलं, ९४ किलो माल उतरला, ४ किलो वेस्ट निघालं, तर उरलेलं २ किलो गेलं कुठे? वजनकाट्यात फरक आहे, बॉबिनवर सूत शिल्लक आहे, की नोंदच राहिली? दर आठवड्याला तुम्ही या २ किलोंच्या मागे लागत असाल तर त्या कामाला मोठ्या कंपनीत 'स्टॉक रिकन्सिलिएशन' म्हणतात, आणि स्टोअर्स-अकाउंट्सच्या जागेसाठी हेच काम केलेला माणूस शोधत असतात. तेव्हा असं लिहा: 'सुताची आवक, तयार माल आणि वेस्ट यांचा दर आठवड्याला वजनाने मेळ घातला, फरक आढळल्यास मागनिहाय तपासला.' एवढं एक वाक्य तुमच्या सगळ्या ऑब्जेक्टिव्हपेक्षा जड आहे.

पगाराचंही तसंच. 'पगार काढतो' यात किती माणसांचा, महिन्याचा की आठवड्याचा, हजेरीवर की उत्पादनावर, हे काहीच येत नाही. नगावर किंवा किलोवर मजुरी काढणं हे ठरलेल्या महिना पगारापेक्षा किचकट काम आहे. उचल वजा करायची, सुट्टीच्या दिवसाचं बघायचं, आणि शनिवारी संध्याकाळच्या आत पाकिटं तयार ठेवायची. आकडा घाला: 'अमुक कामगारांचा उत्पादनावर आधारित साप्ताहिक पगार.' अमुकच्या जागी खरी संख्या, रजिस्टर बघून. बिलांचंही तेच. मागच्या सहा महिन्यांची बिलं टॅलीत मोजा, सहाने भागा आणि 'महिन्याला सरासरी इतकी विक्री बिलं' असं लिहा. अंदाजाने २०० ठोकू नका. 'सर्वात मोठी पार्टी कोणती, तिची महिन्याला किती बिलं?' असं मी विचारलं की खरं लिहिणारा लगेच बोलतो आणि ठोकणारा छताकडे बघतो.

जीएसटीबद्दल एक काळजी घ्या. बहुतेक छोट्या कारखान्यांत रिटर्न सी.ए. भरतात आणि आकडे तुमच्यासारखी मुलं तयार करून देतात. तसं असेल तर 'जीएसटी रिटर्न फायलिंग' लिहू नका. 'जीएसटीआर-१ आणि ३बी साठी माहिती तयार करून सी.ए.कडे दिली, खरेदीची बिलं २बी शी ताडून पाहिली' असं लिहा. (जीएसटीआर-१ म्हणजे विक्रीच्या बिलांचं रिटर्न, ३बी म्हणजे कर भरण्याचं एकत्रित रिटर्न, २बी म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांवरून पोर्टलवर तयार होणारी आपल्या खरेदीची यादी.) हे कमी नाही. मुलाखतीत मी विचारेन: पुरवठादाराचं बिल तुमच्याकडे आहे पण २बी मध्ये दिसत नाही, मग काय करता? ज्याने हे केलंय तो सांगेल की पुरवठादाराला फोन करतो, त्याने जीएसटीआर-१ मध्ये ते बिल दाखवलंय का विचारतो, आपला जीएसटी क्रमांक चुकीचा टाकलाय का बघतो, आणि तोवर त्या खरेदीवरच्या कराचं क्रेडिट (वजावट) बाजूला ठेवतो. एवढं उत्तर आलं की माझ्या दृष्टीने तुमची अडीच वर्षं सिद्ध झाली, स्लिप असो वा नसो. माल पाठवतानाचं ई-वे बिल तुम्ही काढत असाल तर तेही लिहा. टॅलीची कुठली आवृत्ती, प्राइम की जुनी ईआरपी ९, हेही सांगा.

इंग्रजीत नेताना वाक्याची सुरुवात साध्या क्रियापदाने करा: 'प्रिपेअर्ड', 'चेक्ड', 'रिकन्साइल्ड', 'कॅल्क्युलेटेड'. 'रिस्पॉन्सिबल फॉर' टाळा. जबाबदारी होती एवढंच त्यातून कळतं, काम झालं की नाही ते कळत नाही.

एका मुलीची गोष्ट इथे सांगायला हवी. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात डिस्पॅच सहायकाच्या जागेसाठी मुलाखती होत्या. तिचा रेझ्युमे तुमच्यासारखाच, छंदात 'वाचन आणि संगीत', अनुभवाची जागा कोरी. पाच-सात मिनिटं बोलून मी तिला पाठवायच्या बेतात होतो. उठता उठता तिने विचारलं, "सर, जूनमध्ये रुजू व्हावं लागलं तर पंधरा दिवस पुढे ढकलता येईल का? घरी गणवेशाचा सीझन असतो." मी तिला परत बसवलं. सोलापुरात शाळेच्या गणवेशाचा धंदा केवढा आहे ते तुम्हाला माहीत आहेच. तिच्या वडिलांचं शिलाईचं युनिट होतं आणि एप्रिल ते जून माल पाठवायचं काम ती एकटी सांभाळत होती. पिशवीतून तिने एक लांबट वही काढली. प्रत्येक शाळेला एक पान. आडव्या ओळीत साइज, २२ पासून ४० पर्यंत. उभ्या रकान्यात शर्ट, पॅन्ट, स्कर्ट, पिनो (बिनबाह्यांचा फ्रॉक). प्रत्येक चौकोनात दोन आकडे, वर ऑर्डर, खाली गेलेला माल, आणि फरक राहिला तिथे लाल पेनने गोल. ट्रान्सपोर्टची पावती त्याच पानाला स्टेपल केलेली. मी ज्या जागेसाठी माणूस शोधत होतो ते काम ती चार हंगाम करत आली होती आणि तिच्या रेझ्युमेत त्याबद्दल एक अक्षर नव्हतं. तिला घेतलं. पण ती उठताना बोलली नसती तर मी तिला नाकारलं असतं. तिच्यासारखी किती जणं न बोलता निघून गेली असतील, हा विचार तेव्हापासून माझ्या मनातून जात नाही. हे उत्तर इतकं लांबवतोय ते त्यासाठीच.

'करिअर ऑब्जेक्टिव्ह' पूर्ण काढा. आव्हानात्मक वातावरणात काम करून संस्थेच्या प्रगतीला हातभार लावायचा, हे वाक्य नवी पेठेतल्या झेरॉक्सच्या दुकानापासून पुण्याच्या हॉस्टेलपर्यंत सगळीकडे तेच आहे आणि ते कुणी वाचत नाही. त्या जागी दोन ओळींत तुम्ही कोण ते सांगा: 'बी.कॉम., टॉवेल उत्पादन कारखान्यात अडीच वर्षं हिशोब, स्टॉक आणि पगार. टॅली प्राइम, एक्सेल. अकाउंट्स किंवा स्टोअर्समध्ये काम हवं.' माझ्यासमोर एका जागेसाठी शंभराच्या वर कागद असतात. पहिल्या फेरीत एकेक कागद जेमतेम अर्धा मिनिट हातात राहतो आणि नजर वरच्या एक-तृतीयांश भागातच फिरते. तुमचं काम तिथे हवं. शिक्षण त्याच्या खाली.

शिक्षणात दहावीपासून सगळे टक्के लागत नाहीत. पदवी, वर्ग, वर्ष, कॉलेज, विद्यापीठ एवढं पुरे. विद्यापीठाचं नाव गुणपत्रिकेवर आहे तसंच्या तसं लिहा. २००४ मध्ये स्थापन झालेल्या आपल्या विद्यापीठाचं नाव २०१९ मध्ये पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ झालं. रेझ्युमेत एक नाव आणि कागदावर दुसरं असलं की पडताळणी करणारी बाहेरची एजन्सी उगाच फेरे मारते.

भाषांचा रकाना तुम्ही शेवटी एका ओळीत उरकलाय: मराठी, हिंदी, इंग्रजी, तेलुगू, कन्नड. इथे मला तुमच्यावर रागवावंसं वाटतं. पाच भाषा! सोलापूरच्या मुलाला याचं काही वाटत नाही, कारण गल्लीत खेळतानाच त्या कानावर पडतात. पण ज्या कंपनीचं गिऱ्हाईक हैदराबादला आणि पुरवठादार बंगळुरूला आहे, तिला पुण्यात असा माणूस सहज मिळत नाही. वसुलीच्या फोनवर समोरच्याच्या भाषेत बोललं की काय फरक पडतो ते मामांना विचारा. ही ओळ वर आणा आणि नेमकं लिहा: तेलुगू बोलता येते, कन्नड कळते आणि कामापुरती बोलता येते, लिहिता येत नाही. जेवढी येते तेवढीच लिहा. पलीकडचा माणूस तेलुगू निघाला तर तो त्याच भाषेत सुरू होतो.

धर्म, वैवाहिक स्थिती, वडिलांचा व्यवसाय, उंची हे सगळं लग्नाच्या बायोडाटात शोभतं, इथून काढा. आधार आणि पॅन क्रमांक तर कधीच लिहू नका. हा कागद किती हातांतून जातो आणि कुठल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडतो याचा पत्ता नसतो. घराचा पूर्ण पत्ताही नको, 'सोलापूर' पुरे. प्रतिज्ञापत्र काढलं तरी कुणी विचारत नाही.

आता पी.एफ.ची भीती. पी.एफ. नाही म्हणून अनुभव खोटा ठरत नाही. छोट्या आस्थापनेत तो नसू शकतो हे आम्हाला माहीत असतं. गोची उलट बाजूने होते. ज्यांचा यूएएन (पी.एफ.चा कायमचा क्रमांक) आहे, त्यांची रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख ईपीएफओच्या, म्हणजे पी.एफ. कार्यालयाच्या, नोंदीत असते आणि बऱ्याच कंपन्या ती मागून बघतात. चार महिन्यांची नोकरी लपवायला मागच्या-पुढच्या तारखा ताणल्या की तिथे पकडलं जातं, कधी कधी ऑफर हातात आल्यावर. तुमचा एक मित्र स्पर्धा परीक्षेची तीन वर्षं झाकायला कुठल्याशा दुकानाचं अनुभवपत्र आणतोय असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. त्याला सांगा, असं करू नकोस. '२०२० ते २०२३ स्पर्धा परीक्षेची तयारी' अशी एक ओळ लिही, पूर्वपरीक्षा पास झाला असशील तर तेही लिही. महाराष्ट्रात भरती करणाऱ्या माणसाला ही ओळ नवीन नाही. त्या वर्षांबद्दल खरं बोलणारे मी आनंदाने घेतलेत. खोट्या पत्रावर आलेल्यांना घेता आलं नाही.

तुम्ही मामांकडून लेटरहेडवर एक साधं पत्र घ्या: कधीपासून, कुठलं काम, सही, शिक्का. रेझ्युमेसोबत पाठवू नका, मागितलं तर द्या. पैसे बँकेतून येत असतील तर पासबुकही कामी येतं. रोख मिळत असतील तर आजपासून मामांना बँकेत टाकायला सांगा.

फाइलबद्दल. तुमचा रेझ्युमे दोन उभ्या रकान्यांचा आहे, डावीकडे रंगीत पट्टी, टॅलीसमोर पाचपैकी चार तारे. दिसायला छान आहे. पण मोठ्या कंपन्यांत आणि नोकरीच्या पोर्टलवर आधी सॉफ्टवेअर मजकूर उचलतं आणि रकाने, तक्ते, चित्रं यांत अडखळतं. घरीच तपासा: पीडीएफ उघडा, सगळा मजकूर कॉपी करा, नोटपॅडमध्ये पेस्ट करा. तुमचा मी करून पाहिला. तुमच्या मोबाइल नंबराच्या मधोमध 'टॅली' येऊन बसलंय आणि तारे गायब आहेत. सरळ एका रकान्यात लिहा. कागदाचा फोटो काढून केलेली पीडीएफ तर अजिबात नको, तिच्यात कॉपी करायला मजकूरच नसतो. उलट आपल्याकडच्या छोट्या कंपन्यांत मालक स्वतः व्हॉट्सॲपवर, फोनच्या पडद्यावर वाचतात. म्हणून पाठवण्याआधी स्वतःच्या फोनवर उघडून बघा, बोटांनी मोठं न करता वाचता यायला हवं. एक पान पुरे. फाइलला 'न्यू रेझ्युमे फायनल २' असं नाव आहे, तिथे तुमचं नाव आणि 'अकाउंट्स' घाला. कॉलेजात उघडलेला, मागे १४३ असलेला ईमेल पत्ताही बदला.

पोर्टलवर आम्ही शब्द टाकून शोधतो: 'टॅली', 'जीएसटी', 'स्टॉक', 'सोलापूर'. जाहिरातीत जो शब्द आहे तो तुमच्या खऱ्या कामात असेल तर त्याच शब्दात लिहा. त्यांनी 'पेरोल' म्हटलंय आणि तुम्ही 'सॅलरी वर्क', तर शोधात तुम्ही सापडत नाही. आणि नुकतं लॉगिन केलेले उमेदवार बरेचदा वर दिसतात, म्हणून आठवड्यातून एकदा तरी आत जा.

४५ ठिकाणी एकच फाइल गेली, हेही चुकलं. दोन करा. पुण्यासाठीच्या फाइलमध्ये वर एक ओळ: 'पुण्यात राहण्यास तयार, १५ दिवसांत रुजू होऊ शकतो, मुलाखतीला एका दिवसाच्या सूचनेवर येऊ शकतो.' सोलापूरचा पत्ता बघून 'हा येईल का' या शंकेने कागद बाजूला पडतो. तुम्हाला मात्र ठाऊक आहे की सकाळी हुतात्मा एक्स्प्रेसने निघून मुलाखत देऊन रात्री घरी परतता येतं. सोलापूरच्या फाइलमध्ये जागेचं नाव अगदी वर, ठळक. चिंचोळी किंवा अक्कलकोट रोड एमआयडीसीत अजूनही गेटवर सिक्युरिटीकडे कागद ठेवून यावा लागतो आणि तो ढिगात जातो. वर 'अकाउंट्स / स्टोअर्स' दिसलं तर तो ढिगातून योग्य टेबलावर पोचतो. आणि नंबर चालू ठेवा. अनोळखी फोन उचलत नाहीत म्हणून सुटलेली माणसं मी दर महिन्याला बघतो.

येत्या शनिवारी पगार वाटून झाला की कारखान्यातच तासभर थांबा. पगाराचं रजिस्टर, सुताचं रजिस्टर आणि टॅली समोर घ्या आणि वर मोकळे सोडलेले आकडे भरा. मग तो मराठीतला कच्चा कागद मला पाठवा. इंग्रजी मी बघून देतो.